दहा वर्षांचे ईमेल आणि एका ओळीची कमांड: जुन्या मेलमध्ये मराठी मजकूर कसा शोधायचा?

सोसायटीची कमिटी बदलली की कपाटाची किल्ली, चेकबुक, इतिवृत्ताची वही आणि फायली नव्या सेक्रेटरीकडे येतात. ईमेल मात्र बऱ्याचदा येत नाहीत. बिल्डरने पार्किंगबद्दल काय कबूल केलं होतं, ओसीसाठी कोणती तारीख दिली होती, नळजोडणीच्या अर्जावर महापालिकेचं काय उत्तर आलं होतं, हे सगळं कुणाच्या तरी जुन्या मेलबॉक्समध्ये पडून असतं. कागद आहे, पण सापडत नाही, अशी अवस्था.

वसई-विरारमध्ये ही अडचण जरा जास्तच जाणवते. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महापालिका झाली. त्याआधी इथल्या बांधकाम परवानग्यांचं काम सिडकोकडे होतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, तोवर जिल्ह्याची कार्यालयं ठाण्यात होती. त्यामुळे एकाच इमारतीचा पत्रव्यवहार सिडको, नगरपरिषद, महापालिका, ठाणे आणि पालघर अशा वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेला असू शकतो.

असे हजारो मेल एकदा आपल्या कॉम्प्युटरवर आणून त्यांचा इंडेक्स केला, तर हवा तो मेल काही सेकंदांत सापडतो. त्यासाठीचे प्रोग्रॅम मोफत आहेत आणि इंटरनेट नसतानाही चालतात. मराठी मेल शोधताना मात्र काही खास अडचणी येतात, आणि इंग्रजी माहितीपत्रकांत त्यांच्याबद्दल फारसं काही नसतं. जुन्या मेलचा ढीग शोधता आला की त्यातून काय बाहेर येऊ शकतं, याचं जगात गाजलेलं एक उदाहरण थेट कोकणातल्या दाभोळ प्रकल्पाशी जोडलेलं आहे. हे सगळं क्रमाने समजून घेऊया.

जीमेलमध्ये सर्च आहेच, मग हे कशाला?

खातं एकच असेल, पासवर्ड हाताशी असेल आणि एखादाच मेल हवा असेल, तर जीमेलचा सर्च पुरेसा आहे. पण पुढच्या तीन वेळी तो कमी पडतो.

पहिली म्हणजे मेल एका खात्यात नसतात. एक सेक्रेटरी स्वतःचं खातं वापरतो, दुसरा सोसायटीच्या नावाने नवं उघडतो, खजिनदाराचं तिसरंच असतं. तीन खात्यांत एकत्र शोधण्याची सोय जीमेलच्या वेबसाइटवर नाही.

दुसरी म्हणजे खातं कायम राहील याची खात्री नाही. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती बंद करून त्यातला मजकूर पुसण्याचं धोरण गुगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केलं आहे. जुन्या कमिटीचं विसरलेलं खातं नेमकं याच नियमात अडकू शकतं.

तिसरी म्हणजे यादी हवी असते तेव्हा. 'अमुक बिल्डरकडून २०१४ ते २०१६ या काळात आलेले सगळे मेल, सगळ्यात जुना आधी, आणि त्यांच्या प्रती एका फोल्डरमध्ये' हे काम वेबसाइटवर एकेक क्लिक करून करायचं तर दिवस जातो. कमांड लाइनवर, म्हणजे माऊसऐवजी टाइप करून कॉम्प्युटरला काम सांगायच्या त्या काळ्या खिडकीत, एक-दोन ओळी पुरतात.

पहिली पायरी: मेल स्वतःकडे आणा

जीमेलसाठी सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे गुगल टेकआउट. तिथे फक्त 'मेल' निवडून मागणी नोंदवली की काही वेळाने डाउनलोडची लिंक येते. हवं तर ठरावीक लेबलचेच मेल मागवता येतात. ही लिंक थोडेच दिवस चालते, म्हणून आली की लगेच उतरवून घ्यावी.

त्यातून मिळते ती 'एमबॉक्स' फाइल. एमबॉक्स म्हणजे सगळे मेल एकाखाली एक जोडलेली एक लांबलचक टेक्स्ट फाइल. दुसरा प्रकार 'मेलडीर'. त्यात प्रत्येक मेलची वेगळी फाइल असते. शोधासाठी मेलडीर सोयीचा पडतो, कारण सापडलेला मेल एकटा उचलता येतो. एमबॉक्सचं मेलडीर करण्यासाठी 'एमबी-टू-एमडी' नावाची तयार स्क्रिप्ट आहे, आणि पायथॉन येणाऱ्यांना त्यातलं 'मेलबॉक्स' मॉड्यूल वापरून हे काम काही ओळींत करता येतं.

नवे मेलही आपोआप उतरत राहावेत असं वाटत असेल तर 'एमबीसिंक' हा प्रोग्रॅम आयमॅप पद्धतीने खात्यातले मेल थेट मेलडीरमध्ये आणतो. मे २०२२ पासून वैयक्तिक जीमेल खात्यांमध्ये अशा प्रोग्रॅमना नेहमीचा पासवर्ड चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून त्यांच्यासाठी वेगळा 'अ‍ॅप पासवर्ड' काढावा लागतो. ऑफिसमधल्या आउटलुकची पीएसटी फाइल असेल तर 'रीडपीएसटी' ती उलगडून देतो.

साधा 'ग्रेप' मराठीत का हरतो?

मेल शेवटी टेक्स्ट फाइलच असतात, तर युनिक्सच्या जमान्यापासून चालत आलेल्या 'ग्रेप' या कमांडने शब्द थेट का शोधू नये? इंग्रजी मेलमध्ये बऱ्याचदा हे जमतं. मराठीत मात्र तोच ग्रेप समोर असलेला शब्दही 'नाही' म्हणून सांगतो.

कारण ईमेलच्या जन्मात आहे. ईमेल घडला तो फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं नेण्यासाठी. इतर लिप्या आणि अटॅचमेंट नेता यावेत म्हणून १९९२ मध्ये 'माइम' हे मानक आलं. त्यानुसार देवनागरी मजकूर पाठवताना त्याला बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरा-आकड्यांच्या वेशात गुंडाळतात. मेल उघडला की प्रोग्रॅम ते वेष्टन काढतो आणि मराठी दिसतं. फाइलमध्ये मात्र वेष्टनच साठवलेलं असतं.

'वसई' हा शब्द घ्या. त्यात व, स, ई ही तीन अक्षरं. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे नऊ बाइट झाले. 'बेस-६४' नावाचं वेष्टन दर तीन बाइटची चार इंग्रजी चिन्हं करतं, म्हणजे 'वसई' बारा चिन्हांचा होतो. हे वेष्टन मजकुराच्या सुरुवातीपासून तीन-तीन बाइटचे गट पाडत जातं. आधी एखादी स्पेस किंवा इंग्रजी आकडा आला की गट सरकतात आणि तोच 'वसई' वेगळ्याच चिन्हांत दिसतो. असे तीन अवतार होऊ शकतात. दुसरं वेष्टन 'कोटेड-प्रिंटेबल'. त्यात एकेका बाइटची तीन चिन्हं होतात, 'वसई' सत्तावीस चिन्हांचा होतो आणि ओळ संपली की मधेच तुटतोही. विषयाची ओळसुद्धा अशीच गुंडाळलेली असते.

म्हणजे मराठी मेल शोधायचे तर आधी वेष्टन काढून आतला मजकूर वाचणारा प्रोग्रॅम हवा. इंडेक्स करणारे प्रोग्रॅम नेमकं हेच करतात.

इंडेक्स म्हणजे नेमकं काय?

जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते. 'दाभोळ: पाने १२, ४०, ९१.' पुस्तक पहिल्यापासून चाळायची गरज उरत नाही. मेलचा इंडेक्स तसाच. प्रोग्रॅम प्रत्येक मेल एकदाच वाचतो, वेष्टन काढतो, शब्द सुटे करतो आणि 'हा शब्द या-या मेलमध्ये' अशी नोंद करतो. पाठवणारा, तारीख, विषय यांच्या वेगळ्या नोंदी होतात. मग 'गळती' आणि 'बिल्डर' दोन्ही असलेले मेल मागितले की दोन याद्या जुळवल्या जातात. मूळ मेलना हातही लावावा लागत नाही.

सुरुवातीला वेळ लागतो तो इंडेक्स बांधायला. मेल किती आणि मशीन कसं, यावर तो अवलंबून असतो. पुढे फक्त नवे मेल जोडले जातात आणि ते काम झटपट होतं.

नॉटमच, म्यू, मेरिक्स: कोणतं घ्यायचं?

नॉटमच: कार्ल वर्थ यांनी २००९ मध्ये आणलेला प्रोग्रॅम. नावाचा अर्थच 'फारसं काही नाही'. तो मेल आणत नाही, पाठवत नाही. फक्त इंडेक्स करतो, शोधतो आणि मेलना टॅग लावतो. आत 'झेपियन' हे शोधयंत्र आहे. प्रत्येक मेलची फाइल वेगळी हवी, ही त्याची अट.

म्यू: यातही झेपियनच. मेलडीरची ठरलेली फोल्डर-रचना लागते. ईमॅक्स हा एडिटर वापरणाऱ्यांमध्ये लोकप्रिय.

मेरिक्स: जुना आणि हलका. एमबॉक्स थेट वाचतो. सापडलेल्या मेलचं वेगळं फोल्डर तयार करून देतो, ते नेहमीच्या मेल प्रोग्रॅममध्ये उघडता येतं.

रिकॉल: मेलसोबत पीडीएफ आणि वर्ड फायलींच्या आतला मजकूरही इंडेक्स करतो. खिडकीतून चालतो, कमांड लाइनवरूनही.

पहिल्यांदा करून बघणाऱ्यासाठी नॉटमच सोपा आहे. लिनक्सवर तो नेहमीच्या सॉफ्टवेअर भांडारात मिळतो, मॅकवर 'होमब्रू'मधून घेता येतो. विंडोजवर आधी 'डब्ल्यूएसएल' म्हणजे विंडोजच्या आतलं लिनक्स सुरू करून त्यात टाकता येतो.

करून बघा: सहा कमांड

(कमांड, त्यातले खास शब्द आणि आकडे प्रत्यक्षात इंग्रजीत, छोट्या लिपीत टाइप करायचे. इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत दिले आहेत. शोधायचा मराठी शब्द देवनागरीतच टाइप करायचा.)

१. ओळख करून द्या:
नॉटमच सेटअप
तुमचं नाव, ईमेल, मेलचं फोल्डर कुठे आहे, अशा काही गोष्टी तो विचारतो.

२. इंडेक्स बांधा:
नॉटमच न्यू
नवे मेल आले की पुन्हा हीच कमांड.

३. शोधा:
नॉटमच सर्च 'गळती and बिल्डर'ऐवजी प्रत्यक्षात 'गळती अँड बिल्डर' यातला 'अँड' इंग्रजीत. दोन शब्दांमध्ये काहीच लिहिलं नाही तरी 'दोन्ही हवेत' असाच अर्थ घेतला जातो. 'यापैकी काहीही' यासाठी 'ऑर', वगळण्यासाठी 'नॉट'.

४. चाळणी लावा:
नॉटमच सर्च 'सब्जेक्ट:कन्व्हेयन्स डेट:२०१४-०१..२०१६-१२'
विषयात कन्व्हेयन्स असलेले, जानेवारी २०१४ ते डिसेंबर २०१६ या काळातले मेल. पाठवणाऱ्यासाठी 'फ्रॉम:', ज्याला पाठवला त्याच्यासाठी 'टू:'. तारखांच्या मधले दोन ठिपके विसरायचे नाहीत.

५. मोजा:
नॉटमच काउंट 'टँकर'
यादी न देता फक्त आकडा. तक्रार किती वेळा केली, हे सांगायला हा आकडा फार कामाचा.

६. खूण करा:
नॉटमच टॅग +पाणी -- 'टँकर ऑर नळजोडणी'
सापडलेल्या सगळ्या मेलना 'पाणी' हा टॅग लागतो. टॅग इंडेक्समध्ये राहतो, मेलचा मजकूर बदलत नाही. म्हणूनच 'नॉटमच डंप' वापरून टॅगची प्रत वेगळी ठेवावी, नाहीतर इंडेक्स पुसला की टॅगही गेले.

शोधाचा निकाल साखळीच्या रूपात दिसतो, म्हणजे मूळ मेल आणि त्यावरची सगळी उत्तरं एकत्र. 'जुने आधी' हवे असतील तर क्रम बदलण्याचा पर्याय आहे, आणि फक्त फायलींची यादी मागून त्या दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपीही करता येतात.

सोसायट्यांसाठी आणखी एक सोय महत्त्वाची आहे. प्रत्येक मेलला पाठवतानाच एक ओळख क्रमांक मिळतो. अध्यक्ष आणि सेक्रेटरी दोघांच्या खात्यांतून एकच मेल आला तर नॉटमच हा क्रमांक पाहून तो एकदाच मोजतो. त्यामुळे तीन खाती एकत्र केली तरी यादी फुगत नाही.

मराठी शोधताना काय लक्षात ठेवायचं?

प्रत्यय: नॉटमचला इंग्रजी शब्दांची रूपं कळतात. एक रूप शोधलं की त्याची भावंडंही येतात. मराठीची ही सोय त्यात नाही. 'वसई' शोधलं तर 'वसईत', 'वसईला', 'वसईच्या' असलेले मेल सुटतात. उपाय म्हणजे शब्दाच्या शेवटी फुली-तारा: 'वसई*'. हा तारा अवतरणचिन्हांतच लिहायचा.

सामान्यरूप: 'पाणी' पुढे 'पाण्याचा' होतं, म्हणून 'पाणी*' पुरत नाही, 'पाण*' लिहावं लागतं. 'दाखला' आणि 'दाखल्याची' दोन्ही हवे असतील तर 'दाखल*'. त्यात 'तक्रार दाखल केली' असलेले मेलही येतील. जाळं मोठं टाकलं की थोडी कचरा-मासळी येणारच. तारखेची किंवा पाठवणाऱ्याची चाळणी लावून ती वेगळी करायची.

जोडशब्द: तारा फक्त शेवटी चालतो, सुरुवातीला नाही. 'जोडणी' शोधून 'नळजोडणी' सापडणार नाही. कुणी 'नळ जोडणी' असं तोडूनही लिहितं. दोन्ही रूपं 'ऑर'ने जोडून द्यावीत.

ऱ्य आणि र्य: 'दुसऱ्या' या शब्दातला 'ऱ्य' कॉम्प्युटरवर दोन प्रकारे लिहिला जातो. काही कीबोर्ड त्यासाठी 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरतात, तर काही साध्या 'र'च्या पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, इंडेक्सला मात्र वेगळे. 'दुस*' लिहिलं की दोन्ही सापडतात.

आकडे आणि लिपी: देवनागरी आकड्यांतलं साल आणि इंग्रजी आकड्यांतलं साल हे इंडेक्ससाठी दोन वेगळे शब्द आहेत. त्यात अनेक जण मराठी मजकूरच रोमन लिपीत टाइप करतात. मग 'पाणी' एका 'ए'ने लिहिलंय की दोन, तेही बघावं लागतं. नालासोपाऱ्याचं इंग्रजी स्पेलिंग कुणी एका 'एल'ने लिहितं, कुणी दोन 'एल'ने, कुणी दोन शब्दांत तोडून.

कार्यालयांची नावं: २०१४ च्या आधीचं पत्र शोधताना 'पालघर' टाकून उपयोग नाही, तिथे 'ठाणे' हवं. परवानगीचं जुनं पत्र 'महापालिका' या शब्दाऐवजी 'सिडको'खाली मिळू शकतं. आज आपण काय म्हणतो यापेक्षा त्या वेळी लिहिणाऱ्याने काय लिहिलं असेल, हा प्रश्न आधी विचारायचा.

अटॅचमेंटमधलं काय?

नॉटमच अटॅचमेंटच्या फाइलचं नाव इंडेक्स करतो, पीडीएफच्या आतला मजकूर नाही. 'अटॅचमेंट:' लिहून नावाने शोधता येतं, पण फाइलचं नाव 'स्कॅन-००१' असेल तर हाती काही लागत नाही. आतला मजकूर शोधायचा असेल तर रिकॉल वापरावा. कागद स्कॅन करून पाठवला असेल तर ते फक्त चित्र असतं. त्यातली अक्षरं ओळखायला 'टेसरॅक्ट'सारखा ओसीआर प्रोग्रॅम लागतो. त्यात मराठीची सोय आहे, पण अस्पष्ट शिक्के आणि हस्ताक्षरापुढे तो अडखळतो.

युनिकोड रुळण्याआधीच्या मराठी फायलींची गोष्ट वेगळीच. त्या काळच्या अनेक मराठी फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसायचं, पण फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठायची. अशा फायली आधी युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय कुठलाच इंडेक्स त्यांना ओळखत नाही.

सराव कशावर करायचा? दाभोळच्या मेलवर

स्वतःच्या मेलवर प्रयोग करण्याआधी हात बसवायला एक मोठा, खराखुरा आणि मोफत संग्रह उपलब्ध आहे. तो आहे एनरॉन कंपनीचा.

महाराष्ट्राला एनरॉन माहीत आहे ती दाभोळ वीज प्रकल्पामुळे. डिसेंबर १९९३ मध्ये दाभोळ पॉवर कंपनीचा महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी वीजखरेदीचा करार झाला. १९९५ मध्ये युती सरकारने तो रद्द केला, मग फेरवाटाघाटी झाल्या. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. विजेचा दर आणि थकलेली बिलं यावरून वाद पेटला आणि २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं. त्याच वर्षी २ डिसेंबरला अमेरिकेत एनरॉनने दिवाळखोरी जाहीर केली.

कॅलिफोर्नियातल्या वीजबाजारात झालेल्या गैरप्रकारांची चौकशी करताना अमेरिकेच्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाने कंपनीचे ईमेल ताब्यात घेतले आणि २००३ मध्ये ते जनतेसाठी खुले केले. कार्नेगी मेलन विद्यापीठाने ठेवलेल्या प्रतीत सुमारे १५० जणांचे सुमारे ५ लाख मेल आहेत. त्यात केनेथ ले आणि जेफ्री स्किलिंग या बड्या अधिकाऱ्यांचीही फोल्डर आहेत. अटॅचमेंट काढून टाकलेल्या आहेत आणि प्रत्येक मेलची फाइल वेगळी आहे, म्हणजे नॉटमचला हवी तशीच.

या संग्रहात 'दाभोळ' इंग्रजीत टाइप करून शोधलं की अंतर्गत टिपणं, वृत्तपत्रांतल्या बातम्यांची कात्रणं, भारतातल्या घडामोडींचे निरोप समोर येऊ लागतात. यातले बहुतेक मेल १९९९ ते २००२ या काळातले, म्हणजे वाद ऐन भरात असतानाचे आहेत. 'डीपीसी' आणि 'एमएसईबी' ही लघुरूपं जोडली की जाळं आणखी पसरतं.

इथेच शोधाचा एक मोठा धडा मिळतो. प्रकल्प प्रत्यक्षात गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल परिसरात आहे, दाभोळ गाव खाडीच्या पलीकडे दापोली तालुक्यात. स्थानिक माणूस 'गुहागर' किंवा 'अंजनवेल' शोधायला जाईल. ह्यूस्टनमध्ये बसून मेल लिहिणाऱ्यांसाठी मात्र ते सगळं 'दाभोळ'च होतं. वसईतल्या 'ठाणे की पालघर' या प्रश्नाचंच हे दुसरं रूप.

दुसरा धडा खासगीपणाचा. सुरुवातीला खुल्या झालेल्या मेलमध्ये कर्मचाऱ्यांची घरगुती बोलणी आणि ओळख क्रमांकही होते. ते नंतर काढावे लागले. चौकशीशी काही संबंध नसलेल्या माणसांचं आयुष्यही त्या ढिगात उघडं पडलं.

सापडलेला मेल पुरावा म्हणून चालतो का?

चालू शकतो, पण स्क्रीनशॉट काढून काम भागेलच असं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना सोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. त्यात एक भाग सादर करणाऱ्याने आणि एक तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि फाइलचं 'हॅश मूल्य' लिहायचं असतं.

आधीच्या कायद्यात हीच तरतूद कलम ६५-ब म्हणून होती. ती किती काटेकोर आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात स्पष्ट केलं. खटला जालन्यातला, २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा. वाद होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलं नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र बंधनकारक आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

हॅश मूल्य म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. कमांड लाइनवर 'शा-२५६-सम' आणि पुढे फाइलचं नाव एवढं लिहिलं की तो मिळतो. इथे मेलडीरचा फायदा दिसतो, कारण एकेका मेलचा वेगळा ठसा काढता येतो. मूळ फाइलमध्ये मेल कोणत्या सर्व्हरवरून कधी गेला याच्या नोंदीही असतात. फॉरवर्ड केलेल्या किंवा छापलेल्या प्रतीत त्या राहत नाहीत. म्हणून टेकआउटमधून आलेली मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवावी, तिचा ठसा त्याच दिवशी लिहून ठेवावा, आणि शोधाशोध दुसऱ्या प्रतीवर करावी. खटल्यात काय आणि कसं सादर करायचं हे वकिलाला विचारूनच ठरवावं.

सरकारी कार्यालयाकडचा मेल हवा असेल तर आणखी एक वाट आहे. माहिती अधिकार कायदा २००५ च्या 'माहिती' या शब्दाच्या व्याख्येतच ईमेलचा उल्लेख आहे. आपल्या बाजूच्या मेलची तारीख आणि विषय नेमका सांगता आला, तर अर्जही नेमका लिहिता येतो.

काय जपायचं?

- इंडेक्स आणि उतरवलेले मेल कुलूपबंद नसतात. लॅपटॉप ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळा पत्रव्यवहार. डिस्क एन्क्रिप्ट करून ठेवावी. सायबर कॅफेत किंवा ऑफिसच्या मशीनवर हे काम करू नये.
- सोसायटीच्या मेलमध्ये सभासदांच्या आधार कार्डाच्या प्रती, बँकेचे तपशील, घरगुती तक्रारी असतात. पूर्ण संग्रह ग्रुपवर टाकू नये. लागतील तेवढेच मेल वेगळे काढून द्यावेत.
- मेल ज्याच्या वैयक्तिक खात्यातले आहेत त्याच्या संमतीनेच घ्यावेत. टेकआउटमध्ये सोसायटीचं लेबल निवडून तेवढेच मेल काढता येतात.
- प्रत एकाच ठिकाणी नको. एक लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर, दुसऱ्या घरात.

यातली सगळ्यात अवघड पायरी कमांडची नाही. ती आहे जुन्या सेक्रेटरीला फोन करून 'काका, त्या खात्याचा पासवर्ड अजून आठवतोय का?' असं विचारण्याची. खातं दोन वर्षं उघडलेलं नसेल तर हा फोन आजच केलेला बरा.